यंदाची अंडी मी उकडली

सुवार्ता, ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी चौकातल्या किराणा दुकानात गेले आणि बारा अंडी मागितली. दुकानदार माझाच विद्यार्थी. त्याने आधी माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "बाई, तुमालेच पायजेत का?" त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणाले. अंडी कागदात गुंडाळून त्याने ती काळ्या पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं, म्हणजे वाटेत कोणाला दिसू नये. माझी लाज त्यानेच झाकली. तुझी कधी कोणी झाकली नव्हती.

तू जाऊन सहा आठवडे झाले होते. तेरवी आटोपली होती, पाहुणे आपापल्या गावी गेले होते, आणि आसगावच्या त्या घरात आम्ही तिघं उरलो होतो. मी, माझा प्रशांत आणि तुझी जुई. सकाळी जुईने मला विचारलं होतं, "आजी, यंदा अंडे कोण करन?" नऊ वर्षांची पोर. रडत नव्हती, हट्टही करत नव्हती. नुसती विचारत होती. मी म्हणाले, "मी करीन. तू शिकव मले." बोलून तर गेले, पण दुकानात जायला दुपार झाली.

तुला पहिल्या वर्षाचा तो शनिवार आठवत असेलच. मी तो विसरल्यासारखी वागत आले, पण एकही दिवस विसरले नाही. कोर्टात लग्न करून तू जानेवारीत आमच्या घरी आलीस. गावाच्या आरोग्य उपकेंद्रात तू आधीपासूनच नर्स होतीस, अख्खं गाव तुला सिस्टर म्हणायचं, आणि गावातल्या निम्म्या लेकरांना तू सुई टोचलेली होतीस. सिस्टर म्हणून तू कोणाला नकोशी नव्हतीस. सून म्हणून होतीस. मी शाळेतून घरी आले तर तू स्वयंपाकघरात उभी, आणि ओट्यावर ताटलीत सहा अंडी. कांद्याच्या सालांत उकडून विटेच्या रंगाची झालेली, आणि प्रत्येकावर कोथिंबिरीच्या पानाचा पांढरा ठसा. पान ओलं करून अंड्यावर चिकटवायचं, वरून जुन्या सुती कापडाचा तुकडा गच्च बांधायचा आणि मग रंगात सोडायचं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला फक्त अंडी दिसली.

"आई, पाहा न, पान कसं उमटलं!" तू म्हणालीस. केवढी खूश होतीस.

मी सांडशीने ताटली धरली, मागच्या दाराने गेले आणि ती उकिरड्यावर उलटी केली. परत येऊन भांडंही नेलं. माझ्या सासूच्या आधीपासून त्या घरात अंडं आलं नव्हतं. मला वाटलं, मी बरोबरच करते आहे. तू रडली नाहीस. ओटा तीनदा धुतलास. प्रशांत दारात उभा होता, त्याने सगळं पाहिलं आणि तो चपला घालून बाहेर निघून गेला. त्या दिवशी तू जेवायला वाढलंस तेव्हा तुझा हात अजिबात कापत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आपण थोडं नमतं घेऊ. पवनीच्या एका विणकराकडून मी मूठभर कोसे आणले, ज्यांच्यापासून कोशाचं रेशीम काढतात ते. तुझ्यापुढे ठेवले. "हे रंगव. दिसाले अंड्यावानीच आहेत." माझ्या मते मी फार मोठं मन दाखवलं होतं. तू एक कोसा उचलून कानाशी हलवलास.

"आई, हा कोसा उकडते तवा आत किडा जित्ता रायते. तुमाले मालूम आहे न?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? तुमी पूजेले कोशाचंच पातळ नेसता. आन् मी आणते ते दुकानातलं अंडं, त्याच्यात तं जीवबी नसते."

"सोवळ्याचं आहे ते. पहिलेपासून चालत आलं."

"म्हणजे पहिलेपासून चालत आलं तं चालते."

तू टोचून बोलली नव्हतीस, खरंच विचारत होतीस. मी उठून गेले. या एका गोष्टीवर आपण पुढे दहा वर्षं भांडलो, कधी हसत, कधी भांडी आपटत. एकदा तर तू मला रेशीम कसं काढतात ते मोबाइलवर दाखवायला लागलीस आणि मी डोळे मिटून घेतले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, सुवार्ता. आजही नाही. तुला हे मी तेव्हा सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं?

जुई तीन वर्षांची झाली तेव्हा मी अंडी रंगवायची परवानगी दिली. पण किती अटी घालून! घरात नाही, मागच्या परसात, सांदवाडीत. गॅसवर नाही, तीन विटांच्या चुलीवर. भांडं वेगळं, चमचा वेगळा, ते धुवायचंही बाहेरच्या नळावर. तू प्रत्येक अटीला "हो आई" म्हणालीस, आणि त्या सांदवाडीत, पपईच्या झाडाखाली, तू जे काही मांडायचीस! पळसाची फुलं रात्रभर भिजवून त्याचं केशरी पाणी. हळदीचं पिवळं. बिटाचं गुलाबी. भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या जांभळ्या पत्ताकोबीचं निळं, ज्यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. प्रत्येक वाटीत व्हिनेगरचे थेंब, रंग धरावा म्हणून. काही अंडी तू उकडायची नाहीस. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडून, फुंकून आतलं सगळं वाटीत काढायचीस, आणि रिकाम्या कवचावर डिंक लावून कोशाचा धागा गुंडाळायचीस, किंवा धानाचे दाणे एकेक करून चिकटवायचीस. जुई मध्येच दाणे सांडायची. तुझा आवाज कधी चढला नाही.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायचे. म्हणजे निवडायचं सोंग करायचे. तू मेणबत्तीच्या तुकड्याने थंड अंड्यावर रेघा ओढायचीस. मेण लागलं तिथं रंग चढत नाही, नक्षी पांढरी राहते. पण तुझा हात इंजेक्शनचा, रांगोळीचा नव्हे. एका वर्षी मला राहवलं नाही. "अवो, केवढ्या जाड रेघा! आन इकडं."

तू अंडं पुढे केलंस. मी हात मागे घेतला. मग तू म्हणालीस, "मी धरते अंडं. तुमी काढा."

तू दोन बोटांत अंडं धरून फिरवत राहिलीस आणि मी त्याला हात न लावता त्यावर मेणाने वेल काढली. ते अंडं निळ्या पाण्यातून बाहेर आलं तेव्हा जुई ओरडली, "आजीनं केलं!" आणि मी ताबडतोब म्हणाले, "मी नाही, तुह्या मायनं केलं." पुढे दरवर्षी आपण तसंच करत आलो. तू धरायचीस, मी काढायचे. इतक्या वर्षांत मी एकाही अंड्याला बोट लावलं नाही आणि तू एकदाही मला त्यावरून चिडवलं नाहीस. याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं.

आता मागच्या वर्षाचं. मी इतका वेळ हे टाळते आहे.

मागच्या वर्षी तू नेहमीसारखी अंडं धरून बसली होतीस. दोनच दिवस आधी भंडाऱ्याला तुझ्या मावशीच्या मातीला जाऊन आली होतीस. जुई बाजूला बिटाच्या पाण्यात बोटं बुडवत होती. तू वर न बघता म्हणालीस, "आई, एक सांगून ठेवू का? मी आधी गेली तं मले जाळजा नोको. बाबाच्या बाजूले जागा आहे कबरस्थानात. तिथं ठेवजा."

"सणासुदीचं काहीबाही बोलू नको. अंडं हलवून राहिली तू, रेघ चुकली माझी."

"टाळू नोका, खरं सांगून राहिली."

"मंग प्रशांतले सांग."

"त्याईच्यापुढं हा विषय काढला का ते उठून जाते. तुमाले सांगते. तुमी शब्द टाकला तं या घरात कोणी नाही म्हणत नाही."

मी पुढची रेघ काढली. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तू मला, पासष्टीच्या बाईला, हे सांगत होतीस, जणू तू माझ्या आधी जाणार हे तुला कळलं होतं. तसं काही नसतं, मला माहीत आहे. पण मनाला कोण सांगणार.

वर्ष पुरं व्हायच्या आतच, एका सोमवारी लसीकरण चालू असताना तू खुर्चीवरून पडलीस. मेंदूतली नस फुटली म्हणाले. नागपूरला चार दिवस काचेच्या पलीकडे होतीस. पाचव्या दिवशी तुला घरी आणलं आणि आपल्या बैठकीत मधोमध ठेवलं. एका भिंतीशी आमच्याकडचे लोक, दुसऱ्या भिंतीशी तुझी आई आणि तुमच्या चर्चच्या मंडळीतले चार-पाच जण. मधे तू.

महादेव भाऊजींनी सांगून टाकलं, "घरची सून आहे. वैनगंगेवर नेऊ." माझे दीर शेतीतला माणूस, तुझे सासरे गेल्यापासून घरात वडीलधारे तेच. त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. ते तुझ्यासाठी त्यांच्या परीने मानाचंच करत होते.

तुझी आई उठली. मार्थाबाई कधी कोणापुढे मोठ्याने बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. तिने हात जोडले. "माह्या पोरीले मातीत ठेवू द्या. तिच्या बापाच्या बाजूले. एवढंच मागते." मग ती माझ्याकडे वळली. "ईनबाई, तुमी सांगा न यायले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक शब्द. तू म्हणाली होतीस तसा एकच शब्द टाकायचा होता, आणि तो माझ्या तोंडात तयार होता.

मी म्हणाले, "प्रशांत म्हणन तसं."

प्रशांत कुठे शुद्धीत होता! तो म्हणाला, "काका म्हणते तसं करा." आणि तुला उचललं.

मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. गाव काय म्हणेल. भाऊजी दुखावतील. वेळ कमी होता. ती खोटी नाहीत. पण खरं कारण मी आज तुला सांगते. त्या क्षणी मला वाटलं, एवढी वर्षं ही अर्धी आपली आणि अर्धी त्यांची होती, आता तरी पूर्ण आपली होऊ दे. तुझ्यावर माया होती म्हणूनच मी तुझा शब्द मोडला. असल्या मायेला काय म्हणावं ते तूच सांग.

तुझी आई नदीवर आली नाही. तेरवीलाही आली नाही. जुईने तीनदा फोन लावला, तिने उचलला नाही.

तर तो शनिवार. मी आपल्या घरातल्या गॅसवर पाणी ठेवलं. विटांची चूल मांडावी असा विचार मनात आला होता, पण मांडली नाही. पिशवीची गाठ सोडली, पहिलं अंडं हातात घेतलं. ते थंड होतं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. जुई म्हणाली, "आजी, हळू सोड, नाही तं तडकते." मी चमच्यात ठेवून सोडलं.

पळसाचा बहर सरत आला होता, तरी जुईने बांधावरून फ्रॉकच्या ओच्यात फुलं आणली होती. कांद्याची सालं मी आठवडाभर साठवली होती. पोर एकेक सांगत गेली आणि मी करत गेले. पान कुठलं घ्यायचं, कापड किती घट्ट बांधायचं, अंडं गार झाल्याशिवाय मेण लावायचं नाही. तुझंच बोलणं तिच्या तोंडून येत होतं, "थांब न, घाई कायले" हे सुद्धा. मी एका हातात अंडं धरून दुसऱ्या हाताने वेल काढायला बसले आणि माझी रेघ दोनदा चुकली.

जुई माझ्यासमोर उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "आजी, मम्मीनं तं नानाच्या बाजूले ठेवा म्हटलं होतं न?"

मी मेणाचा तुकडा खाली ठेवला.

"मी बाजूलेच होती. तुले आठवत नोहोतं का तवा?"

बघ, पोरीने मला पळवाट दिली होती. नव्हतं आठवत, एवढं म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. म्हाताऱ्या माणसाला नाही आठवत. मी तोंड उघडलंही. तिचे डोळे तुझ्यासारखे आहेत हे लोक उगीच म्हणतात, ते प्रशांतसारखे आहेत. पण बघण्याची रीत तुझी आहे.

"आठवत होतं," मी म्हणाले.

"मंग बोलली काहून नाही?"

"चुकलं माझं."

"तू बोलली नाही म्हणून मीबी नाही बोलली. मले वाटलं, मोठ्या माणसायचं काही असन."

तिच्या मुठीतलं अंडं तडकलं होतं. तिला ते कळलंही नव्हतं. मी तिची मूठ सोडवायला गेले तर तिने हात मागे घेतला. "नानीले माहीत आहे?"

"नाही."

"मंग सांग तिले."

उरलेली अंडी आम्ही रंगवली. बारामधली नऊ धड निघाली.

ईस्टरच्या सकाळी मी स्टीलच्या डब्यात धानाचं वाळलं तणस घालून त्यात अंडी ठेवली आणि जुईला घेऊन एसटीत बसले. प्रशांतला फक्त एवढंच सांगितलं की पोरीला नानीकडे नेते. पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत रस्ता खराब, दर खड्ड्याला मी डबा मांडीवरून वर उचलायचे. मनात वाक्यं जुळवत होते. गावागावाला लोक चढत उतरत होते आणि माझी सगळी वाक्यं त्यांच्याबरोबर उतरून जात होती.

तुझ्या आईने दार उघडलं. नुकती प्रार्थनेहून आली असावी, पांढरी साडी तशीच होती. जुई तिच्या कमरेला मिठी मारून रडली. सहा आठवड्यांत मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरात ती तशी का रडली नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. मी थांबले असते, पाणी मागितलं असतं, तर पुन्हा गप्प बसले असते. म्हणून दारातच बोलले.

"ईनबाई, सुवार्तानं मले सांगतलं होतं. बाबाच्या बाजूले ठेवा म्हणून. मले माहीत होतं."

तिने जुईच्या डोक्यावरून हात काढला नाही. "कवा सांगतलं?"

"मागच्या ईस्टरले."

"म्हणजे मी तुमच्यापुढं हात जोडले, तवा तुमाले माहीत होतं."

"हो."

शेजारच्या घरात कोणीतरी हसत होतं, सणाचा दिवस. तुझ्या आईचा चेहरा हलला नाही. मी मनात म्हणत होते, ओरड, मला शिव्या दे, काहीतरी कर.

"पोट्टी आत येईन," ती म्हणाली. "तुमी बाहेर बसा."

आणि तिने दार लावून घेतलं.

मी ओट्यावर बसले. चारच्या गाडीपर्यंत बसले. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. आत जुई नानीला सांगत होती की हे पिवळं हळदीचं, हे केशरी पळसाचं, यातली वेल आजीनं काढली. त्यावर तुझी आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. चार वाजता दार उघडलं, जुई बाहेर आली. रिकामा डबा तिच्या हातात होता. तुझी आई एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी आणजा तिले."

संध्याकाळी मी प्रशांतला सांगितलं. तो अंगणात गाडी पुसत होता. ऐकून घेतलं, हातातलं फडकं तसंच राहिलं. तो माझ्यावर संतापला नाही. म्हणाला, "तिनं मले काहून नाही सांगतलं?"

"तू विषय काढला का उठून जातो म्हणे."

तो खाली बसला, गाडीच्या चाकाशी, आणि कितीतरी वेळ तिथून उठला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या नोकरीवर न जाता तो एकटा भंडाऱ्याला गेला. सासूशी काय बोलला, कबरस्थानात गेला का, मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आता आम्ही कामापुरतं बोलतो. नळ आला. जुईचा डबा भरला. भाऊजींच्या कानावर गेलं तेव्हा ते आले आणि बैठकीत बसून म्हणाले, "वहिनी, आता कायले उकरून काढता?"

"उकरता येत असतं तं बोललीच नसती भाऊजी," मी म्हणाले. "हातानं उकरलं असतं." त्यांच्यापुढे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान वर करून बोलले. ते चहा न पिता गेले.

काल पुन्हा रविवार होता. मी जुईला घेऊन गेले. तुझ्या आईने दार उघडलं, पोरीला आत घेतलं. मला कोणी सांगायच्या आधी मी ओट्यावर बसले. ऊन मागच्या रविवारपेक्षा कडक होतं. मी ठरवलं होतं, दर रविवारी यायचं, ती बसवेल तितके रविवार इथे बसायचं. माफी मागायची नाही. माफी मागितली म्हणजे तिने काहीतरी द्यायला पाहिजे असं होतं, आणि तिच्याजवळून मी खूप घेतलं आहे.

बाराच्या सुमारास दाराचा आवाज झाला. मला वाटलं जुई असेल. तुझी आई होती. हातात काही नव्हतं. ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून ओट्यावर बसली आणि रस्त्याकडे पाहत राहिली. दोन ऑटो गेले.

"त्या सोमवारी," ती म्हणाली, "ती घरून निघाली तवा काही खाऊन निघाली होती का?"

मला आधी कळेना ती काय विचारते आहे. मग कळलं. तुझा तो शेवटचा धड दिवस, आणि त्यातलं तुझ्या आईला काहीच माहीत नव्हतं. तुला शेवटचं जेवताना, चालताना, बोलताना पाहिलेली मी होते. हे विचारायला जगात तिला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि त्यासाठी ती दार उघडून माझ्याशेजारी येऊन बसली होती.

"फोडणीचा भात खाल्ला," मी म्हणाले. "दोनदा मागून घेतला."

"दोनदा?"

"हो."

तिने पदराने तोंड पुसलं. नाक ओढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "असं नाही. पहिलेपासून सांगा. सगळं सांगा, मधलं काही सोडू नोका."

तू साडेपाचला उठली होतीस. मी तिथून सुरुवात केली.